झेड ड्राइव्ह नक्की कुठे असतो?

नव्या नोकरीत पहिल्या दिवशी आयडी कार्ड, कॉफीचं मशीन आणि वायफायचा पासवर्ड यांच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास कानावर येतं: "फायली झेड ड्राइव्हवर टाकत जा." बँक, महापालिका, सीएचं ऑफिस, वर्तमानपत्राचा डीटीपी विभाग, सगळीकडे हा झेड किंवा त्याचा एखादा भाऊबंद असतो. सी ड्राइव्ह कुठे आहे असं विचारलं तर टेबलाखालच्या डब्याकडे बोट दाखवता येतं. झेड कुठे आहे असं विचारलं तर लोक हवेत कुठेतरी हात फिरवतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दूरच्या यंत्रावरची डिस्क आपल्या यंत्राला जोडणं, आमच्या बोलीत 'माउंट करणं', हे माझ्या कामात वरचेवर येतं. एका ओळीची आज्ञा असते. ती टंकायची आणि पुढे जायचं. त्या ओळीमागचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा वेग, तारा, डिस्कची किंमत असलं काहीतरी सापडेल अशी अपेक्षा होती. तेही सापडलं. पण चाळीस वर्षं लोक ज्यावरून डोकं फोडत होते ते प्रश्न जास्त घरगुती निघाले. समोरचा म्हणतो तोच तो आहे कशावरून? बोलता बोलता तो मध्येच गप्प झाला तर किती वेळ थांबायचं? आणि त्याच्याशी ज्या भाषेत बोलायचं ती भाषा कोणाच्या मालकीची?

आणलेली फाइल आणि असलेली फाइल

यंत्रं एकमेकांना जोडल्यावर पहिली गरज होती फाइल इकडून तिकडे नेण्याची. एप्रिल १९७१मध्ये अभय भूषण यांनी 'फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल'चा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे; तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीत होते. आरएफसी ११४ या क्रमांकाचा तो मसुदा आजही वाचायला मिळतो.

एफटीपी फाइल आणून देतो. पण आणली की तिच्या दोन प्रती होतात, आणि दोन प्रती झाल्या की खरी कुठली हा वाद सुरू होतो. 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_खरंच_फायनल' अशा नावांच्या फायली ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. सोय हवी होती ती अशी: फाइल तिथेच राहावी, एकच राहावी, आणि तरी मला ती माझ्याच डिस्कवर असल्यासारखी उघडता यावी.

'असल्यासारखी' या शब्दात सगळी मेख आहे. दूरची वस्तू जवळ आहे असं सोंग वठवायचं, आणि तेही इतकं बेमालूम की ज्या प्रोग्रॅमने फाइल उघडली त्यालाही पत्ता लागू नये.

खातेवही न ठेवणारा वाणी

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. आयआयटी दिल्लीचे विनोद खोसला तिच्या संस्थापकांपैकी एक. कंपनी वर्कस्टेशन विकायची. त्या काळी डिस्क महाग होती, त्यामुळे प्रत्येक टेबलावरच्या यंत्रात डिस्क घालण्यापेक्षा एका सर्व्हरमध्ये मोठी डिस्क ठेवावी आणि बाकीची यंत्रं बिनडिस्कची विकावीत, हा साधा हिशेब होता. 'नेटवर्क म्हणजेच संगणक' ही सनची प्रसिद्ध घोषणा जॉन गेज यांची, १९८४ची.

घोषणा खरी करायला 'नेटवर्क फाइल सिस्टिम' आली, एनएफएस. १९८५च्या उन्हाळ्यात पोर्टलंडला झालेल्या युझनिक्स परिषदेत रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरचा निबंध मांडला. युनिक्सच्या गाभ्यात त्यांनी एक मधला थर घातला. प्रोग्रॅम नेहमीसारखाच म्हणतो, "ही फाइल उघड, एवढी बाइट्स वाच." मधला थर बघतो की फाइल इथली आहे की परगावची. परगावची असेल तर विनंती तारेवरून सर्व्हरकडे जाते. जुन्या आज्ञा, जुने प्रोग्रॅम काहीही न बदलता चालले.

यातला खरा धाडसी निर्णय वेगळाच होता. वाण्याच्या दुकानात दोन पद्धती असतात. एक वहीवाला वाणी: कोणी काय नेलं, कोणाचं काय बाकी, सगळं लिहून ठेवणारा. दुसरा रोखीवाला: प्रत्येक वेळी नीट पूर्ण सांगा, पैसे द्या, माल घ्या, मागच्या वेळी काय नेलं ते आपल्याला ठाऊक नाही. एनएफएसचा सर्व्हर दुसऱ्या प्रकारचा. तो काहीच लक्षात ठेवत नाही. 'मघाशी उघडलेल्या फायलीतला पुढचा तुकडा दे' असं त्याला म्हणता येत नाही. 'अमुक फायलीतल्या तमुक बाइटपासून ८,१९२ बाइट्स दे' असं दर वेळी संपूर्ण सांगावं लागतं.

हा विसरभोळेपणा मुद्दाम पत्करलेला होता. सर्व्हर कोसळून पुन्हा सुरू झाला तर वही हरवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण वहीच नाही. गिऱ्हाईक तीच मागणी पुन्हा करतं आणि काम पुढे चालू होतं. एकच तुकडा दोनदा वाचला तर बिघडत नाही. अर्थात 'ही फाइल पुसून टाक' ही मागणी दोनदा पोचली तर दुसऱ्यांदा 'अशी फाइलच नाही' असं उत्तर येतं, आणि काम झालेलं असूनही प्रोग्रॅमला ते फसल्यासारखं वाटतं. मग नुकत्याच आलेल्या मागण्या थोडा वेळ लक्षात ठेवायची सोय करावी लागली. फाइल कुलूपबंद करायची तर कोणी कुलूप लावलं हे आठवायला हवं; त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम शेजारी उभा करावा लागला. न ठेवलेली वही अशी हळूहळू चिठ्ठ्याचपाट्यांच्या रूपाने परत आली.

यातली एक चिठ्ठी मला विशेष आवडते. युनिक्समध्ये उघडी असलेली फाइल पुसली तरी ज्याने ती उघडली आहे त्याला ती शेवटपर्यंत वाचता येते. एनएफएसच्या सर्व्हरला मात्र फाइल कोणी उघडली आहे हेच ठाऊक नसतं, त्यामुळे तो ती खरोखरच पुसून टाकेल. यावर तोडगा असा: गिऱ्हाईक-यंत्र सर्व्हरला 'पूस' असं सांगतच नाही, फायलीला टिंबाने सुरू होणारं एक लपलेलं नाव देतं, आणि काम संपल्यावर गुपचूप पुसतं. इंजिनिअर मंडळी याला सरळ 'सिली रिनेम' म्हणतात, बावळट नामांतर. मध्येच वीज गेली तर या लपलेल्या फायली तशाच पडून राहतात. आजही जुन्या सर्व्हरवर त्या सापडतात.

सोंग फाटायचं ते सर्व्हर गप्प झाला की. पडद्यावर 'सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे' अशी ओळ यायची आणि यंत्र थिजायचं. स्थानिक डिस्क एक तर उत्तर देते किंवा बिघडते. दूरची डिस्क तिसरं काहीतरी करते: काहीच कळवत नाही. तो मेला आहे, हळू झाला आहे, की मधली तार निघाली आहे, हे अलीकडून ओळखण्याचा खात्रीचा उपाय नाही. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९८७मध्ये एका ईमेलमध्ये विखुरलेल्या प्रणालीची गमतीदार व्याख्या केली होती. जे यंत्र अस्तित्वात आहे हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते बंद पडल्याने तुमचं यंत्र निरुपयोगी होतं, ती विखुरलेली प्रणाली! एनएफएस वापरणाऱ्यांना यात विनोद कमी आणि अनुभव जास्त दिसला असणार.

आणि विश्वास? सुरुवातीच्या एनएफएसमध्ये गिऱ्हाईक-यंत्र आपल्या वापरकर्त्याचा क्रमांक सांगायचं आणि सर्व्हर तो खरा मानायचा. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत आपणच आपलं नाव लिहायचं आणि वॉचमनने मान डोलवायची, तसं. वर्कस्टेशनची सूत्रं फक्त व्यवस्थापकाच्या हाती आहेत, तोवर हे चालण्यासारखं होतं. पुढे ज्याच्या त्याच्या टेबलावर ज्याच्या त्याच्या मालकीचा पीसी आला. त्यावर कोणीही स्वतःला हवा तो क्रमांक देऊ शकत होता.

अक्षरांचं राज्य

पीसीच्या जगात याच काळात दुसरी परंपरा वाढत होती. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉससाठी फायली वाटून वापरण्याची भाषा तयार केली. स्वतःच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव आधी 'बीएएफ' ठेवायचा विचार होता; बाहेर पडताना ते 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', एसएमबी, असं झालं. मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि वाढवत नेली. १९९२च्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'पासून ती साध्या ऑफिसांत पोचली.

एसएमबी वहीवाला वाणी. कोण आत आलं, कोणती फाइल उघडली, कोणी कुलूप लावलं, सगळं सर्व्हर लिहून ठेवतो. दोघांनी एकच एक्सेल शीट उघडली की दुसऱ्याला 'ही फाइल अमुक वापरत आहे' असा निरोप मिळतो तो या वहीच्या जोरावर. सर्व्हर कोसळला की वही गेली, हा त्याचा तोटा.

अक्षरांची गंमतही इथलीच. डॉसमध्ये ए आणि बी फ्लॉपीसाठी, सी हार्ड डिस्कसाठी. डॉस मुळात ई पर्यंतच अक्षरं राखून ठेवायचं, म्हणून नॉव्हेलच्या नेटवेअरमध्ये नेटवर्कचा पहिला ड्राइव्ह एफ असायचा. नेटवेअर आपल्या प्रोग्रॅमांच्या फोल्डरना मात्र उलट्या टोकाकडून अक्षरं द्यायचं: झेड, वाय, एक्स. आजचं विंडोजही नवा नेटवर्क ड्राइव्ह जोडताना झेडपासून मागे येत अक्षर सुचवतं. घरच्या डिस्का पुढून वाढत जाव्यात आणि पाहुण्या डिस्का मागून, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही.

कॅफेत बसलेला माणूस

दोन परंपरा, दोन भाषा. युनिक्सवाल्यांची भाषा सनने उघड केली होती; १९८९मध्ये ती आरएफसी १०९४ म्हणून छापलीही गेली. कनेक्टॅथॉन नावाच्या मेळ्यात एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे इंजिनिअर आपापली यंत्रं घेऊन यायचे आणि जोडून पाहायचे. विंडोजची भाषा मात्र दिवसेंदिवस एका कंपनीच्या घरातली होत चालली होती.

१९९१च्या अखेरीस कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपला डॉसचा पीसी विभागातल्या युनिक्स यंत्रांशी जोडायचा होता. डेक कंपनीचं एक सॉफ्टवेअर ते करत होतं, पण फक्त डेकच्याच सर्व्हरशी. ट्रिजेलने तारेवरून जाणारी पाकिटं पकडून पाहणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि पीसी काय मागतो, सर्व्हर काय देतो, हे टिपत बसला. त्या भाषेचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. जानेवारी १९९२मध्ये त्याने आपला छोटा सर्व्हर इंटरनेटवर ठेवून दिला आणि विषय सोडून दिला. जवळपास दोन वर्षांनी घरी बायकोचा विंडोज पीसी आपल्या लिनक्स यंत्राला जोडायची वेळ आली, तेव्हा त्याने तोच प्रोग्रॅम चालवून पाहिला. तो चालला! म्हणजे ही भाषा एकट्या डेकची नव्हतीच. ती एसएमबी होती.

आपली पद्धत समजावताना त्याने पुढे फ्रेंच कॅफेचं उदाहरण दिलं. फ्रेंच येत नसेल तर कॅफेत बसा; गिऱ्हाईक काय बोलतं आणि वेटर काय आणून ठेवतो ते बघत राहा. पुरेसे दिवस बसलात तर मागवता येईल इतकं फ्रेंच येईल. त्याच्या पुढची पायरी म्हणजे स्वतः काहीबाही मागवून वेटरचा चेहरा बघणं. सर्व्हरला शक्य त्या सगळ्या क्रमांकांच्या आज्ञा पाठवायच्या, आणि कोणत्या आज्ञेवर कुठली चूक परत येते यावरून त्याला काय समजतं ते ताडायचं.

नावाची कथाही अशीच. प्रोग्रॅमचं नाव 'एसएमबीसर्व्हर' होतं, पण ते दुसऱ्या एका कंपनीचं नोंदलेलं नाव निघालं. ट्रिजेलने संगणकातल्या शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. आलेल्या यादीत 'सॅमनबेरी', 'स्क्रॅम्बल' आणि 'सांबा' होते. त्याने सांबा निवडलं. देणगी म्हणून तो पिझ्झा मागायचा.

सांबामुळे फुकटच्या लिनक्सवर विंडोजवाल्यांना झेड ड्राइव्ह मिळायला लागला. छोट्या ऑफिसांना महागडे परवाने घ्यायची गरज उरली नाही. पण कॅफेतला वेटर दर नव्या आवृत्तीत बोली बदलत होता, आणि दर वेळी पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसावं लागत होतं.

डिसेंबर १९९८मध्ये सनने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली की विंडोजशी नीट बोलण्यासाठी लागणारी माहिती मायक्रोसॉफ्ट देत नाही. मार्च २००४मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि ती माहिती द्यायचा आदेश दिला. पुढच्याच महिन्यात सनने मायक्रोसॉफ्टशी तडजोड करून अंग काढून घेतलं. सांबाची मंडळी मात्र टिकून राहिली. १७ सप्टेंबर २००७ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. त्याच वर्षी २० डिसेंबरला एकरकमी १०,००० युरो भरून सांबासाठी ती कागदपत्रं मिळवली गेली. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने अशी हजारो पानं स्वतःहून सर्वांसाठी खुली केली.

हा सगळा खटाटोप मला जवळचा वाटतो, कारण आपल्याकडच्या कित्येक छोट्या ऑफिसांत आणि कॉलेजांत कोपऱ्यात धूळ खात चालणारा जुना लिनक्स डबा मी पाहिला आहे. त्यावर सगळ्यांच्या फायली असतात, आणि तो डबा सांबा बोलत असतो. ही भाषा बंद राहिली असती तर आपल्या फायली कुठे ठेवायच्या हे एका कंपनीचा परवाना ठरवत राहिला असता.

भिंतीच्या आतले लोक

भाषेचा प्रश्न सुटला. विश्वासाचा तसाच राहिला. दोन्ही परंपरा ऑफिसच्या चार भिंतींत जन्मल्या होत्या आणि भिंतीच्या आतले लोक आपलेच, हे गृहीतक त्यांच्या हाडात होतं.

मे २०१७मध्ये मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. लॅबमध्ये एक सामायिक फोल्डर होता. पासवर्ड नाही, कोणीही यावं, वाचावं, लिहावं. सबमिशनच्या आठवड्यात एकाचं जर्नल त्यात पडलं की संध्याकाळपर्यंत साठ जर्नलं तयार व्हायची. १२ मेच्या शुक्रवारी 'वॉनाक्राय' जगभर पसरलं आणि लॅब असिस्टंटनी स्विचची तारच उपटून ठेवली. त्यानंतर काही दिवस आम्ही पेनड्राइव्ह घेऊन धावत होतो. एफटीपीच्या आधीचा काळ!

वॉनाक्राय एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका छिद्रातून शिरत होतं. कोणी काही क्लिक करायची गरज नव्हती. एक यंत्र बाधित झालं की ते शेजारच्या यंत्रांची ४४५ क्रमांकाची दारं आपणच ठोठावायचं. अमेरिकेच्या एनएसएने हे छिद्र वापरायचं हत्यार बनवून ठेवलं होतं आणि एप्रिलमध्ये ते चोरांनी जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती, पण असंख्य यंत्रांवर ती चढवलेली नव्हती. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले.

या पहिल्या आवृत्तीला तेव्हा तीन दशकं होऊन गेली होती. तिच्यात शंभराहून अधिक आज्ञा साठल्या होत्या. व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या १९वर आणल्या. 'एसएमबी-१ वापरणं थांबवा' असं मायक्रोसॉफ्टच्याच नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६मध्ये जाहीर लिहिलं होतं. तरी ती जिवंत होती, कारण कोपऱ्यातल्या जुन्या स्कॅनर-प्रिंटरला दुसरी भाषा येत नव्हती. जाता जाता: त्याच मे महिन्यात सांबातही एक गंभीर छिद्र सापडलं, २०१०पासूनचं. उघड भाषा बोलणारे आपोआप सुरक्षित होत नाहीत.

महिन्याभराने, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आलं. ते एनएसएचं हत्यार वापरत होतंच. शिवाय बाधित यंत्राच्या स्मृतीतून व्यवस्थापकांचे पासवर्ड उचलून त्यांच्याच नावाने दुसऱ्या यंत्रांच्या शेअर ड्राइव्हवर स्वतःची प्रत ठेवत होतं. त्यामुळे दुरुस्ती चढवलेली यंत्रंही पडली. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुरू झालेली ही साथ मर्स्क या जहाज कंपनीत शिरली, आणि तिथून आपल्या न्हावा-शेवाला पोचली. जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल विस्कळित झालं, कंटेनर अडकले. सोसायटीच्या वहीत दुसऱ्याचं नाव लिहून आत शिरण्याची जुनी युक्तीच इथे मोठ्या प्रमाणावर चालली होती.

त्यानंतर मात्र बदल वेगाने झाले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १०मध्ये एसएमबी-१ नव्या यंत्रावर आपणहून बसवणं बंद झालं. एनएफएसची चौथी आवृत्ती तर कधीच वहीवाली झाली होती, आणि ओळख पटवण्याची पक्की सोय तिने अंगभूत केली होती. २०२४च्या विंडोज ११मध्ये प्रत्येक निरोपावर सही सक्तीची झाली, आणि बिनपासवर्डाचा 'गेस्ट' प्रवेश, जो आधी मोठ्या संस्थांच्या आवृत्त्यांत बंद होता, तो प्रो आवृत्तीतही बंद झाला.

ते अपडेट आल्यावर कोपऱ्यातल्या जुन्या डब्यांशी जोडलेले कितीतरी झेड ड्राइव्ह एका रात्रीत दिसेनासे झाले. आमच्या नात्यातल्या एका काकांचा छोटा छापखाना आहे, त्यांचाही गेला. त्यांनी फोन करून विचारलं, "अरे, माझ्याच दुकानातलं मशीन माझ्याच मशीनला ओळख काय विचारतंय?" त्यांच्या डब्यावर एक खातं उघडून दिलं, पासवर्ड घातला, पाच मिनिटांत झेड परत आला. काकांनी तो पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला.